रबर मळणारा कारागीर : थॉमस हॅनकॉक

न्हावा शेवा बंदरात हजारो टनांचे जहाज धक्क्याला लागते, तेव्हा त्याचा आघात धक्क्याच्या कडेला बसविलेले रबरी फेंडर झेलतात. या रबरात काजळी व गंधक नीट एकजीव झाले नसतील, तर फेंडर वरून कितीही तुकतुकीत दिसो, आत राहिलेल्या गुठळीपाशी भेग सुरू होते. रबर मळण्याच्या या विद्येचे जनकत्व थॉमस हॅनकॉक यांच्याकडे जाते.

इंग्लंडमधील मार्लबरो येथे १७८६ मध्ये जन्मलेले हॅनकॉक लंडनमध्ये घोडागाड्या बांधत. प्रवाशांना पावसापासून वाचविण्याच्या खटपटीत ते रबराकडे वळले. हातमोजे, पट्टे यांसाठी रबर कापताना बरेच तुकडे वाया जात. ते बारीक करावेत म्हणून १८२० मध्ये त्यांनी दातेरी रूळ असलेले एक लाकडी यंत्र तयार केले. हाताने फिरविताच घडले ते उलटेच! तुकड्यांचा भुगा न होता त्यांचा एकसंध, गरम गोळा बाहेर आला. मळलेल्या या रबराला हवा तो आकार देता येऊ लागला, त्यात इतर द्रव्ये मिसळता येऊ लागली. मात्र मळणे कमी पडले तर गुठळ्या राहतात आणि अति झाले तर रबराचा जोम जातो. कणीक मळणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

हॅनकॉक यांनी या यंत्राचे पेटंट घेतले नाही. लोणच्याशी काहीही संबंध नसता त्याला ‘पिकल’ हे फसवे नाव देऊन ते गुपित ठेवले. पेटंट घेतले ते थेट १८३७ मध्ये.

गंधकाच्या बाबतीत मात्र त्यांनी इतका विलंब लावला नाही. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांच्या टिकाऊ रबराचे नमुने १८४२ मध्ये त्यांच्या हाती आले. त्यातील गंधकाचा माग काढून त्यांनी नोव्हेंबर १८४३ मध्ये व्हल्कनीकरणाचे इंग्लंडमधील पेटंट मिळविले. गुडइयर मागे पडले. १८५५ मध्ये ते न्यायालयातही हरले आणि १८६० मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारले. कायद्याने निवाडा केला असला, तरी हा डाग हॅनकॉक यांच्या नावावरून पुरता पुसला गेलेला नाही. मळण्याचे श्रेय मात्र निर्विवादपणे त्यांचेच.

१८६५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९१६ मध्ये फर्नली बॅनबरी यांनी बंद पेटीत दोन रूळ फिरविणाऱ्या मिश्रण यंत्राचे पेटंट घेतले. आजही रबर कारखान्यांत अशाच यंत्रांत रबर मळले जाते.