चासाचे पंख आणि सर चंद्रशेखर व्यंकट रामन

महागावच्या आसपास कपाशीच्या शेतांतून जाताना तारेवर बसलेला चास पक्षी पुष्कळांनी पाहिला असेल. दसऱ्याच्या दिवशी त्याचे दर्शन शुभ मानितात. बसलेला असता तो साधा, तपकिरी दिसतो. परंतु उडाला की त्याच्या पंखांतील निळाई एकदम उजळून निघते. ही निळाई येते कोठून, असा प्रश्न मात्र फार थोड्यांस पडतो. ज्यांस तो पडला व ज्यांनी त्याचा कसून पाठपुरावा केला, त्यांत सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे अग्रगण्य होत.

रामन ह्यांचा जन्म दि. 7 नोव्हेंबर 1888 रोजी तिरुचिरापल्लीनजीक झाला. वडील विशाखापट्टणम् येथे गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असत. तेथील सेंट अलॉयशियस ह्या मिशनरी शाळेतून वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी रामन मॅट्रिक झाले. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना, 1906 साली, प्रकाशावरील त्यांचा पहिला निबंध विलायतेतील एका विख्यात शास्त्रीय मासिकात प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे.

परंतु त्या काळी केवळ शास्त्राच्या अभ्यासावर संसार चालविण्याची सोय आपल्या देशात जवळजवळ नव्हतीच. म्हणून रामन 1907 साली सरकारी हिशेबखात्यात शिरले व कलकत्त्यास गेले. दिवसा कचेरी आणि सकाळसंध्याकाळ डॉ. महेंद्रलाल सरकार ह्यांनी 1876 साली स्थापिलेल्या विज्ञानसंस्थेत प्रयोग, असा त्यांचा क्रम सुरू झाला. मध्यंतरी त्यांची बदली रंगून येथे, आणि 1910 साली आपल्या नागपुरास झाली. नागपूर त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. बदलीच्या गावीही त्यांनी अभ्यासात खंड पडू दिला नाही.

1917 साली कलकत्ता विश्वविद्यालयाने त्यांस पालित प्राध्यापकाची जागा देऊ केली. पगार बराच कमी. उलटपक्षी सरकारी नोकरीत मानाच्या बढतीची खात्री. तरीही रामन ह्यांनी नोकरीवर पाणी सोडले. व्यवहारी माणसांस हा वेडेपणा वाटला असेल. परंतु ह्या निर्णयाविना पुढील काहीच घडले नसते. 1921 साली भूमध्य समुद्रातून प्रवास करिताना त्या पाण्याच्या निळेपणाने त्यांचे मन वेधले. त्याच विचाराच्या ओघात, के. एस. कृष्णन् ह्यांच्या साहाय्याने, अल्प खर्चाच्या साधनांनिशी दि. 28 फेब्रुवारी 1928 रोजी त्यांनी आपला प्रसिद्ध परिणाम शोधून काढिला, व 1930 साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

कीर्तीच्या शिखरावर पोहोचल्यावरही हा गृहस्थ पाखरांच्या पिसांकडे वळला, ही त्यांच्या चरित्रातील मोठी मौजेची गोष्ट होय. 1933 साली ते बंगळूरच्या विज्ञानसंस्थेचे संचालक झाले. 1934 साली त्यांनी भारतीय विज्ञान अकादमी स्थापिली, आणि तिच्या नियतकालिकात त्याच साली चासाच्या पिसांच्या रंगांवर निबंध लिहिला. शिंपल्यांतील झळाळीवरही त्यांनी त्याच सुमारास संशोधन केले.

चासाच्या पिसात निळा रंग असा नसतोच. पीस कुटून भुकटी केली, तर निळाई नाहीशी होते. पिसाच्या आत शिंगासारख्या द्रव्याची व हवेची अतिसूक्ष्म जाळी असते. तिच्यातील अंतरे प्रकाशाच्या लहरीच्या लांबीशी जुळणारी, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहूनही लहान असतात. तीवरून परतलेल्या लहरींपैकी निळ्या लहरी एकमेकींस बळ देतात. इतर रंगांस तसे बळ मिळत नाही. शिंपल्यात हेच कार्य एकावर एक रचलेले पातळ थर करितात.

1953 साली रामन ह्यांनी ए. जयरामन् ह्यांच्यासह ओपल रत्नाच्या रंगांचे कारण त्याच्या आतील थरांत शोधिले. पुढे 1964 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहता तेथे सिलिकेचे सारख्या आकाराचे गोळे ओळीने रचलेले आढळले. तपशिलात रामन ह्यांचा तर्क टिकला नाही. परंतु रंगाचे मूळ आतील नियमित रचनेत आहे, हे त्यांचे सूत्र खरे ठरले. 1987 साली याब्लोनोविच व सजीव जॉन ह्या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की, अशी नियमित रचना मुद्दाम घडविल्यास ठराविक रंगाच्या प्रकाशास तीत सर्व बाजूंनी मज्जाव करिता येईल. ह्यांस फोटॉनिक स्फटिक म्हणतात. रचनेत एक ओळ मोकळी ठेविली, तर प्रकाश पाटाच्या पाण्यासारखा तीतूनच वाहतो. आणि पृष्ठभाग योग्य रीतीने घडविला, तर तो आतही न शिरता, बाहेरही न निसटता पृष्ठालगतच धावतो.

दि. 21 नोव्हेंबर 1970 रोजी रामन निवर्तले. हा पुढचा विकास त्यांनी पाहिला नाही. परंतु विद्यार्थीमित्रहो, ज्या पक्ष्याने त्यांस विचारास लाविले, तो आपल्या शेतांवरूनही उडतो. पडलेले एखादे पीस उचलावे, प्रथम उजेडासमोर धरून पाहावे, मग उजेड पाठीशी घेऊन पाहावे. दोन्ही वेळा निळाई सारखी दिसत नाही. असे का, हे गुरुजींस विचारण्यापूर्वी क्षणभर स्वतःसच विचारावे.