पालीच्या वर्गातले धर्मानंद

मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत पालीचे अध्ययन रुजले, त्यामागे विद्यापीठाची पदवी नसलेल्या एका शिक्षकाचे कष्ट आहेत. धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम. पण बुद्धचरित्राच्या वाचनाने मनाची अशी पकड घेतली, की १८९९ मध्ये पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते संस्कृत शिकण्यासाठी पुण्यास निघाले. या निर्णयाची झळ बाळाबाईंना सोसावी लागली, हे त्यांच्या ज्ञाननिष्ठेचे कौतुक करतानाही विसरता येत नाही.

पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकरांचा आधार मिळाला. पुढे काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी व्याकरण शिकून घेतले. निर्धन विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती ती हीच! नेपाळ व गयामार्गे १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपास पोहोचले आणि विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले.

परतल्यावर कोलकाता विद्यापीठात त्यांनी पाली शिकवली. तेथे अधिक वेतनाची शक्यता होती. तरीही महाराष्ट्रात राहून काम करावे म्हणून सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये त्यांनी पत्करले. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी त्यांना पाचारण केले.

मात्र त्यांच्या कार्याचा सर्वांत फलद्रूप काळ फर्ग्युसन महाविद्यालयातला, १९१२ ते १९१८ असा. पाली घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तेव्हा अडचणींचा डोंगर होता. ग्रंथ बहुतांशी सिंहली, ब्रह्मी किंवा रोमन लिपीत. मराठीत विषय उलगडून सांगणारे साहित्य तुटपुंजे. आणि संस्कृतचा मान सोडून या भाषेकडे वळावे कशासाठी, हा घरचा प्रश्न वेगळाच. ज्या विद्येसाठी आपल्याला समुद्र ओलांडावा लागला, ती पुण्यातील मुलास पुण्यातच मिळावी, ही सोय धर्मानंदांच्या अध्यापनाने झाली. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत हे त्यांचे विद्यार्थी. विषयाला वारस मिळाले, हीच त्या वर्गाची खरी मिळकत. यांपैकी बापट पुढे स्वतः हार्वर्डला गेले आणि परतून फर्ग्युसनमध्येच पाली शिकवू लागले.

१९१८ मध्ये धर्मानंद पुन्हा अमेरिकेस गेले, या खेपेस मुलगी माणिक व मुलगा दामोदर यांना बरोबर घेऊन. दामोदर म्हणजेच पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून ख्यातनाम झालेले डी. डी. कोसंबी.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे उपोषणाने त्यांनी देह ठेवला. हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’ छापून बाहेर पडला तो १९५० मध्ये.