हॅरिएट न्यूएलबाई : तारवावर सरलेला संसार

नांदेड आणि लातूर या बाजूच्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नाही. पाणी म्हटले म्हणजे आम्हांस गोदावरी आठवते, मांजरा आठवते, अथवा उन्हाळ्यात तळ गाठलेली विहीर आठवते. शिडाच्या तारवाची ओळख आम्हांस बहुधा पौलाच्या रोमच्या प्रवासाची हकीकत वाचून झालेली असते. म्हणून ज्या बाईचे चरित्र आज आम्ही सांगणार आहो, तिचा बहुतेक संसार तारवावरच झाला हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. लग्नापासून मरणापर्यंत तिला पावणेदहा महिने मिळाले. त्यांपैकी सुमारे सात महिने समुद्रप्रवासात गेले. तिचे नाव हॅरिएट न्यूएल. मराठी मुलखात जे पहिले अमेरिकन मिशन आले, त्यासाठी घरदार सोडून निघालेल्या पहिल्या तुकडीत ती होती. परंतु मुंबईचा किनारा तिच्या दृष्टीस कधी पडला नाही.

हॅरिएट ॲटवुड हिचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात हेव्हरिल या गावी तारीख १० ऑक्टोबर १७९३ रोजी झाला. बाप व्यापारी होता. घरात मुले पुष्कळ होती. इ. स. १८०६ मध्ये तिला मेरिमॅक नदीच्या पलीकडे ब्रॅडफर्ड येथील शाळेत घातले. तेथे ॲन हॅसल्टाइन नावाची एक मुलगी तिची मैत्रीण झाली. इ. स. १८०८ मध्ये बाप वारला आणि मुलांचा सगळा भार विधवा आईवर पडला. पुढल्या वर्षी हॅरिएट गावच्या मंडळीची सभासद झाली.

इ. स. १८१० मध्ये त्याच ब्रॅडफर्ड गावी अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची स्थापना झाली. हिंदुस्थानात जाण्यास तयार असलेल्या तरुणांत सॅम्युएल न्यूएल हे एक होते. त्यांनी हॅरिएटला मागणी घातली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्या काळी अमेरिकेतून एकही स्त्री अशा कामासाठी हिंदुस्थानात गेलेली नव्हती. गेलेले माणूस बहुधा परत येत नसे, हे आई जाणून होती व मुलगीही जाणून होती. मुलीने पुष्कळ दिवस विचार केला, आणि आई मोडता घालील तर जायचे नाही असे मनाशी ठरविले. आईने आडकाठी केली नाही. तारीख ९ फेब्रुवारी १८१२ रोजी लग्न झाले आणि १९ तारखेस सेलम बंदरातून कॅरव्हान नावाचे तारू सुटले. तिची मैत्रीण ॲन आणि तिचे पती ॲडोनिराम जडसन हे त्याच तारवावर होते.

कॅरव्हान हे दोन डोलकाठ्यांचे व्यापारी तारू. त्यात उतारूंस राहावयाची जागा म्हणजे लहानशी कोठडी. लाटांनी तारू हलू लागले म्हणजे भांडी घरंगळत, माणसास उभे राहवत नसे आणि पोटात अन्न ठरत नसे. निघाल्यावर थोड्याच दिवसांत तारवास गळती लागली, तेव्हा सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. परंतु खलाशांनी भोक शोधून बुजविले. चहूकडे पाणी असून पिण्याचे पाणी पिंपांत भरून आणलेले तेवढेच. इ. स. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी लातूरच्या ज्या लोकांनी घागरी मोजून घेतले, त्यांस या जगण्याची कल्पना करणे कठीण जाणार नाही.

अशा जागेत चार महिने काढावयाचे होते. बसून बसून प्रकृती बिघडते असे पाहून त्या तरुण मंडळींनी दोरीवरून उड्या मारण्याचा व्यायाम सुरू केला. आदितवारी कोठडीत उपासना होई. राहिलेला वेळ वाचन, शिवण आणि रोजनिशी लिहिणे यांत जाई. घरची आठवण येऊन ती रडे, हेही तिने रोजनिशीत लपविलेले नाही. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून तारू हिंदी महासागरात आले आणि तारीख १७ जून रोजी कलकत्त्यास लागले.

तेथे विल्यम केरी यांनी त्यांचे स्वागत केले व हुगळी नदीकाठी श्रीरामपूर येथे त्यांस आश्रय मिळाला. परंतु त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनरी राहू देत नसे. आल्या तारवाने परत जावे, असा सरकारी हुकूम झाला. पुष्कळ विनंत्या केल्यावर इतकी सवड मिळाली की, कंपनीच्या हद्दीबाहेर कोठेही जावे. त्याच सुमारास इंग्लंड व अमेरिका यांत युद्ध सुरू झाले होते, त्यामुळे अमेरिकन माणसाकडे अधिकच संशयाने पाहत. पुढच्याच वर्षी, इ. स. १८१३ मध्ये, विलायतेच्या पार्लमेंटाने कायदा करून मिशनऱ्यांची वाट मोकळी केली. परंतु हॅरिएटला त्याचा उपयोग व्हावयाचा नव्हता.

मॉरिशस बेटाकडे जाणारे गिलेस्पी नावाचे तारू तयार होते. त्या बेटास त्या वेळी आइल ऑफ फ्रान्स म्हणत. तारवावर दोनच उतारूंस जागा होती. हॅरिएट गरोदर होती, दिवस भरत आले होते, म्हणून ती जागा न्यूएल पतिपत्नींस देण्यात आली. तारीख ४ ऑगस्ट रोजी ती दोघे निघाली. जडसन मंडळी मागे राहिली.

हा हंगाम दक्षिणेकडे जाण्याचा नव्हे. ज्या नैर्ऋत्येच्या वाऱ्याने आमच्या शेतांस पाऊस मिळतो, तोच वारा बंगालच्या उपसागरात दक्षिणेस जाणाऱ्या शिडाच्या तारवास समोरून अडवितो. तारवाने तिरक्या चालीने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जावे, आणि दिवसभराच्या खटपटीनंतर पाहावे तो फारसे अंतर कापलेलेच नाही. असा एक महिना गेला. हॅरिएटला तापाने धरले. तारवास गळती लागली, तेव्हा कप्तानाने किनारा गाठून सप्टेंबरच्या आरंभी कोरिंगा बंदरात नांगर टाकला.

हे कोरिंगा कोठे आहे? आंध्रच्या किनाऱ्यावर गोदावरीच्या मुखापाशी. त्र्यंबकेश्वराकडून निघून पैठण, नांदेड करीत जी गोदावरी जाते, तीच शेवटी तेथे समुद्रास मिळते. आणि लातूर जिल्ह्याची मांजरा गोदावरीस मिळत असल्यामुळे तिचेही पाणी तेथेच पोहोचते. तो पावसाळा होता. मराठवाड्याच्या काळ्या रानांतून वाहत आलेले गढूळ पाणी ज्या किनाऱ्यास मिळत होते, त्याच किनाऱ्यावर ही अठरा वर्षांची तापकरी मुलगी दोन आठवडे पडून होती. मराठी मुलखाच्या ती याहून जवळ कधी आली नाही. ते बंदर पुढे इ. स. १८३९ च्या तुफानात उद्ध्वस्त झाले.

तारीख १९ सप्टेंबर रोजी गिलेस्पी पुन्हा निघाले. तारीख ८ ऑक्टोबर रोजी भर समुद्रात, त्या अरुंद कोठडीत, हॅरिएटला मुलगी झाली. जवळ सुईण नव्हती, आई नव्हती, दुसरी कोणी स्त्री नव्हती. जे करावयाचे ते नवऱ्याने केले. दोन दिवसांनी हॅरिएटला एकोणिसावे वर्ष पूर्ण झाले. प्रथम मायलेकी बऱ्या होत्या. मग वाऱ्यापावसाचे तुफान झाले, कोठडीत ओल आली, तान्ह्या मुलीस सर्दी भरली आणि तारीख १३ रोजी ती पाच दिवसांची होऊन वारली. तिचा देह समुद्रास दिला. त्याच ओलीने आईच्या छातीत दुखणे शिरले. तो क्षय होता.

नोव्हेंबरच्या आरंभी तारू मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरास लागले. न्यूएलसाहेबांनी घर पाहिले, डॉक्टर आणिला. पुष्कळ दिवसांनी तिच्या पाठीखाली न हलणारी जमीन आली, परंतु शक्ती सरली होती. आपण वाचणार नाही हे तिने ओळखले. आईकरिता, भावंडांकरिता तिने निरोप सांगून ठेविले आणि घर सोडून आल्याचा पस्तावा आपणास नाही, हे त्यांस कळवावे अशी इच्छा दर्शविली. तारीख ३० नोव्हेंबर १८१२ रोजी तिने देह ठेविला. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठविलेल्यांपैकी मरण पावलेली ती पहिलीच. नवऱ्याने परक्या बेटावर तिला मूठमाती दिली आणि डिसेंबरात सासूस पत्र लिहिले. युद्धामुळे व अंतरामुळे ते पत्र आईच्या हाती पडण्यास कित्येक महिने लागले असतील. तोवर ती माउली मुलीच्या सुखरूप पोहोचण्यासाठीच प्रार्थना करीत राहिली असेल.

पुढे जानेवारी १८१३ मध्ये जडसन मंडळी पोर्ट लुईस आली, तो ॲनला मैत्रिणीच्या मृत्यूची वार्ता मिळाली. न्यूएलसाहेब तेथून लंका बेटावर गेले. इकडे त्यांचे सोबती गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांनी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबई गाठली होती. न्यूएलसाहेब इ. स. १८१४ मध्ये त्यांस येऊन मिळाले, मराठी शिकले, शाळा व उपदेश यांत खपले, आणि तारीख ३० मे १८२१ रोजी पटकीने मुंबईतच वारले. त्या कामाची शाखा पुढे इ. स. १८३१ मध्ये अहमदनगरास लागली.

हॅरिएटची पत्रे व रोजनिशी इ. स. १८१४ मध्ये बॉस्टन येथे पुस्तकरूपाने निघाली. त्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या झाल्या. कित्येक आईबापांनी मुलींची नावे तिच्यावरून ठेविली, आणि पुष्कळ तरुण स्त्रियांनी ते पुस्तक वाचून परदेशी सेवा पत्करली. हे सर्व खरे आहे. तथापि आम्हांस येथे एक सावधगिरीचा शब्द लिहावासा वाटतो. तिच्या मरणाचे फळ मोठे झाले असे म्हणून त्या मरणाचे दुःख हलके करणे योग्य नव्हे. ती मुलगी ओल्या कोठडीत बाळंत झाली. वारा, सरकारी हुकूम आणि युद्ध या तिन्हींनी तिची वाट अडविली. त्यांतील वारा तेवढा देवाचा होता, बाकीची दोन कामे माणसांची होती.

तिने कोणतेही काम केले नाही असे म्हणणारेही असतील. तिने शाळा काढली नाही, मराठीचे एक अक्षर ती शिकली नाही. परंतु ज्या बंदरात ती मरण पावली, तेथे पुढे इ. स. १८३४ पासून हिंदुस्थानचे मजूर शिडांच्या तारवांनी उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. त्यांत रत्नागिरीकडील पुष्कळ मराठी माणसे होती, आणि त्यांचे वंशज त्या बेटावर आजही मराठी शिकतात. त्या तारवांवरही बायका बाळंत झाल्या, त्यांचीही तान्ही मुले समुद्रास दिली गेली. त्यांची रोजनिशी कोणी छापिली नाही. हॅरिएटचे चरित्र वाचताना आम्हांस त्या निनावी माउलींचीही आठवण होते.

आता आमच्या मंडळ्यांविषयी दोन शब्द. उपदेशकाची बदली होते तेव्हा यादीत त्याचे नाव येते. त्याच्या बायकोचे येत नाही. ती मात्र भर पावसात चिखलाच्या वाटेने, कडेवर मूल घेऊन, ओळख ना पाळख अशा गावी जाते. तिथे गळके घर असते, पाणी दूर असते आणि सुखदुःख सांगावे असे माणूस जवळ नसते. हॅरिएटच्या कोठडीत त्या रात्री एखादी अनुभवी बाई असती, कोरडे पांघरूण असते, तर काय झाले असते हे देव जाणे. तारवावरील त्या कोठडीत आम्हांस आज जाता येत नाही. उपदेशकाच्या घरी जाता येते. तेव्हा नवा उपदेशक गावी येईल त्या दिवशी मंडळीतील वडील बायांनी प्रथम त्याच्या घरधनिणीची विचारपूस करावी, छप्पर गळते काय ते पाहावे, घागरभर पाणी आणून ठेवावे, आणि तिचे दिवस भरत आले असतील तर रात्री एकीने तिच्यापाशी निजावे.