प्रवाशांचे पाठीराखे : निल्स बोलिन

धावती बस चालकाने एकाएकी थांबवली, तर आतील उतारू पुढे झुकतात. उभे असलेल्यांचा तर तोलच जातो. बस थांबते, परंतु तिच्याबरोबर चाललेले शरीर त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. या गुणधर्मास जडत्व असे म्हणतात. साध्या गचक्यात या जडत्वाची गंमत वाटते. परंतु ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार झाडावर आदळली, तर तेच जडत्व प्राणघातक ठरते. मोटार क्षणार्धात थांबते आणि आतील माणूस समोरच्या काचेवर फेकला जातो. या संकटातून लाखो माणसांना वाचवणारा एक साधा पट्टा निल्स बोलिन यांनी जगाला दिला.

निल्स बोलिन यांचा जन्म १७ जुलै १९२० रोजी स्वीडन देशातील हेर्नोसांड या समुद्रकाठच्या गावी झाला. १९३९ मध्ये त्यांनी यंत्रविद्येचे शिक्षण पुरे केले आणि १९४२ मध्ये ते साब या विमाने बांधणाऱ्या कारखान्यात नोकरीस लागले. विमान कोसळू लागले, तर वैमानिकाला आसनासह वेगाने बाहेर फेकणारी यंत्रणा तेथे तयार होत होती. त्या कामात बोलिन यांचा मोठा वाटा होता. मानवी शरीर किती जोराचा धक्का सोसू शकते आणि तो शरीराच्या कोणत्या भागावर यावा, याचे बारकाईने ज्ञान त्यांना तेथे मिळाले.

त्या काळात युरोपातील रस्त्यांवर मोटारींची संख्या झपाट्याने वाढत होती आणि त्याबरोबर अपघातही वाढत होते. काही मोटारींत पट्टे असत, पण ते सदोष होते. नुसत्या कमरेवरच्या पट्ट्याने धड आवरले जात नसे व डोके समोर आदळे. काही पट्ट्यांचे बक्कल पोटावर येई आणि धक्का बसताच आतील नाजूक अवयवांना इजा होई. ज्याने रक्षण करावे, त्यानेच घात करावा, अशी ही स्थिती होती. व्होल्व्हो या मोटार कंपनीचे प्रमुख गुन्नार एंगेलाऊ यांच्या एका नातेवाइकाचा मोटार अपघातात अंत झाला होता. त्यांनी १९५८ मध्ये बोलिन यांना बोलावून घेतले आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेचे काम त्यांच्यावर सोपवले.

बोलिन यांच्यापुढे आता निराळाच प्रश्न उभा राहिला. वैमानिक आपल्या जिवासाठी कितीही पट्टे आवळून घेण्यास तयार असत. सामान्य मोटारचालक मात्र क्षणभराचीही अडचण सोसण्यास तयार नव्हता. पट्टा कितीही भक्कम असला, तरी माणसाने तो बांधलाच नाही तर त्याचा उपयोग काय? म्हणून पट्टा एका हाताने सहज लावता आला पाहिजे, असे बोलिन यांनी ठरवले. सुमारे वर्षभर परिश्रम करून त्यांनी तीन ठिकाणी जखडलेला पट्टा तयार केला. त्याचा एक भाग छातीवरून तिरपा जातो, दुसरा कमरेच्या हाडांवरून आडवा जातो आणि दोन्ही भाग आसनाच्या बाजूस खाली एका ठिकाणी अडकतात. त्यामुळे धक्क्याचा भार मऊ पोटावर न येता छातीच्या व कमरेच्या बळकट हाडांवर विभागला जातो, आणि पट्टाही जागेवरून सरकत नाही.

ऑगस्ट १९५९ मध्ये असा पट्टा बसवलेली पहिली मोटार स्वीडनमधील क्रिस्टियान्स्टाड या शहरी विक्रेत्याकडे पोचली. नव्या शोधावर एकस्व, म्हणजे पेटंट, घेतले की इतरांना मोबदला दिल्याशिवाय त्याचा उपयोग करता येत नाही. या पट्ट्याचे एकस्व व्होल्व्होकडे होते. त्यावर कंपनीला अमाप धन मिळवता आले असते. परंतु तिने हा शोध सर्व मोटार कारखान्यांना मोफत खुला केला.

तरीही लोकांचा विश्वास बसेना. पट्ट्याने आपण मोटारीत अडकून पडू, अशी भीती पुष्कळांना वाटे. तेव्हा स्वीडनमधील २८,००० अपघातांची माहिती जमवून बोलिन यांनी १९६७ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. ताशी सुमारे ९५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या अपघातांत पट्टा बांधलेला एकही माणूस दगावला नव्हता. पट्टा न बांधलेले लोक मात्र याहून कितीतरी कमी वेगातही मृत्युमुखी पडले होते. आकड्यांपुढे शंका हळूहळू मावळल्या. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये पट्टा बांधणे सक्तीचे केले. स्वीडनमध्ये पुढील आसनांसाठी तसा कायदा १९७५ मध्ये अमलात आला.

मूळ पट्ट्यात एक उणीव होती. तो सैल राहिला, तर शरीर थोडे पुढे गेल्यावरच आवरले जाई आणि तेवढ्यातही इजा होई. ही उणीव पुढील अभियंत्यांनी दूर केली. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या मोटारीत पट्टा आपोआप आवळणारी यंत्रणा आली. टक्कर होताच संवेदक तिला इशारा देतो. लहानशा नळीतील दारू पेटून वायू निर्माण होतो व त्याच्या जोराने पट्टा मागे ओढला जातो. डोळ्याची पापणी लवण्यापूर्वीच हे सारे घडते. मात्र पट्टा अतिशय घट्ट राहिला, तर बरगड्या मोडण्याचे भय असते. म्हणून भार ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच पट्टा किंचित सैल सोडणारी योजनाही पुढे करण्यात आली. या सर्व सुधारणा बोलिन यांच्या तीन टोकांच्या पट्ट्यावरच उभ्या आहेत.

बोलिन १९८५ मध्ये सेवानिवृत्त झाले आणि २१ सप्टेंबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले. अनेक संस्थांनी त्यांचा गौरव केला. परंतु त्यांचे खरे स्मारक जगातील कोट्यवधी मोटारींच्या आसनांजवळ आहे. भारतातही मोटारीत पट्टा बांधणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यांनी माणसाचा स्वभाव ओळखून जीव वाचवण्याचे साधन त्याच्या एका हाताच्या अंतरावर आणून ठेवले. तेवढा हात पुढे करणे हे मात्र प्रत्येक प्रवाशाचे कर्तव्य आहे.