भामिनीच्या हसण्यामागची रात्र

१२ मार्च १९११. मुंबईच्या रिपन थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळीच्या नव्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग होता. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, 'मानापमान'. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. धैर्यधराच्या भूमिकेत नानासाहेब जोगळेकर, लक्ष्मीधर गणपतराव बोडस आणि भामिनी नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. नव्या नाटकाची मुंबईकरांना मोठी उत्सुकता होती. आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी मुलगी मरण पावली.

प्रयोग पुढे ढकलावा, असा विचार मंडळीत निघाला. कोणीही त्याला दोष दिला नसता. पण तो विचार नारायणरावांनीच बाजूला सारला. प्रेक्षक आले आहेत, तेव्हा नाटक झालेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. वयाच्या तेविसाव्या वर्षी, घरात मृत्यू झालेला असताना हा तरुण बाप शालू नेसून, दागिने घालून रंगमंचावर उभा राहिला. भूमिकाही अशी की, दुःखाला कुठे वाट मिळू नये. भामिनी ही श्रीमंत घरची मानी, खट्याळ मुलगी. गरीब सेनापतीला ती आधी तुच्छ लेखते आणि मग वेष पालटून त्याच्याच प्रेमात पडते. तिचे रुसणे, लाजणे, हसणे सारे काही त्या रात्री यथास्थित पार पडले. नाटक विलक्षण रंगले. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना पडद्यामागे काय घडले आहे, याची कल्पनाही नव्हती.

आजच्या प्रेक्षकाला त्या प्रसंगाची अवघड बाजू चटकन लक्षात येणार नाही. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे ते केवळ स्वतःच्या गळ्याच्या बळावर. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेच्या सुमारास संपे. आवडत्या पदाला 'वन्समोअर' मिळाला की, ते पुन्हा म्हणावे लागे आणि एकाच पदाला असे अनेकदा घडे. चित्रपटासारखी चूक सुधारण्याची सोय नाही, की गळा दाटून आला म्हणून थांबण्याची मुभा नाही. दुःखाने पहिला घाला पडतो तो श्वासावर आणि संगीत नाटकाच्या नटाचे सारे भांडवल श्वास हेच असते.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणीच त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांचे 'बालगंधर्व' म्हणून कौतुक केले आणि ते नाव कायमचे चिकटले. मात्र या गंधर्वाला पहिला धक्का गळ्याने नव्हे, तर कानाने दिला. ऐन उमेदीच्या वयात ऐकू कमी येऊ लागले. गाणाऱ्याला सूर ऐकू येईनासा व्हावा, याहून भयंकर ते काय? कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला धावले. मिरजेत डॉ. वानलेस यांच्या रुग्णालयात उपचार झाले आणि कान सुधारला. १९०५ साली त्याच मिरजेत 'शाकुंतल' नाटकातील शकुंतलेच्या भूमिकेतून नारायणरावांनी रंगभूमीवर पाऊल ठेवले. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर गेल्यापासून किर्लोस्कर मंडळीत पडलेली पोकळी या नव्या नायिकेने भरून काढली.

'मानापमान'चे यश मात्र मंडळीला फार दिवस निर्वेध उपभोगता आले नाही. त्याच वर्षी जोगळेकरांचे निधन झाले. पुढे मंडळीत फूट पडली आणि १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस व टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ मध्ये 'स्वयंवर' आले. भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी रागदारी संगीत सामान्य रसिकाच्या ओठांवर नेले. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यात झाला, तेव्हा नाटककार राम गणेश गडकरी यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेल्या बालगंधर्वांनी या नाटकात सिंधूसाठी ठिगळांचे लुगडे नेसले आणि प्रेक्षागृह रडवले.

८ जुलै १९२१ रोजी आणखी एक कसोटीची रात्र आली. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' ठरले. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले. दोघांच्या गायकीची जात निराळी, दोघांच्या चाहत्यांत चुरस आणि आता दोघेही एकाच रंगमंचावर समोरासमोर. कोणा एकाचाही आवाज त्या रात्री दगा देता, तर ते आयुष्यभर लक्षात ठेवले गेले असते. तसे काही झाले नाही. प्रयोग अपूर्व झाला. पण त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी कालवश झाले.

बालगंधर्वांवरचे संकट तोवर वेगळ्या वाटेने आले होते. १९२० च्या 'द्रौपदी' नाटकात मयसभेच्या देखाव्यासाठी त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. प्रेक्षकाला उत्तम तेच द्यायचे, हा त्यांचा हट्ट. हिशेब मात्र त्यांना कधी जमला नाही. मंडळीवर लाखाहून अधिक कर्ज झाले. हितचिंतक मदत देऊ करत होते, परंतु फुकटचा पैसा त्यांनी घेतला नाही. प्रयोगामागून प्रयोग करून, अनेक वर्षे राबून त्यांनी ते कर्ज फेडले.

मुलगी गेली त्या दिवशी त्यांना रंगमंचावर उभे करणारी वृत्ती आणि कर्जाच्या खाईत लोटणारी वृत्ती एकच होती. पुढे काळ बदलला. बोलपट आले, नाटक मंडळ्या मोडू लागल्या. १९३५ मध्ये 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. परंतु मन तिथे रमले नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. वय वाढले, देह स्थूल झाला, तरी नायिकेची वेषभूषा सुटली नाही. ज्यांनी त्यांचा ऐन बहर पाहिला होता, त्यांना हे पाहवत नसे. थांबण्याची वेळ ओळखणे त्यांना जमले नाही, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. शेवटी देहानेच थांबवले. पाय लुळे पडले आणि ज्या पदन्यासावर महाराष्ट्र लुब्ध झाला होता, तो कायमचा संपला. तरीही बसल्या जागी भजने गाणे त्यांनी सोडले नाही.

१९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुण्यातील ज्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसवली गेली, ते पुरे झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या जयंतीच्या दिवशी, बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले. 'मानापमान'चे प्रयोग आजही होतात. भामिनी आजही रुसते, हसते. १९११ च्या त्या रात्री तिच्या पहिल्या हसण्यासाठी एका बापाने काय गिळले होते, हे तिच्याकडे पाहताना आठवावे.