दरपत्रक आणि कोबीचे वाफे

राज्य मिळवणाऱ्यांच्या कथांनी इतिहासाची पाने भरलेली आहेत. हाती असलेले राज्य आपण होऊन खाली ठेवणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. रोमन सम्राट डायोक्लेशियन हा त्यांपैकी एक. पाठ्यपुस्तकात तो ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा म्हणून एका ओळीत येतो आणि पुढच्या ओळीत कॉन्स्टंटाइन सुरू होतो. मी बँकेत होतो तेव्हा त्याच्याकडे वळलो ते वेगळ्याच वाटेने. नाणे, कर आणि बाजारभाव या तिन्ही गोष्टींना एकाच कारकिर्दीत हात घालणारा हा माणूस आहे तरी कोण, असे कुतूहल वाटले आणि ते आजतागायत सुटलेले नाही.

इसवी सन २४४ च्या सुमारास डाल्मेशियात, आजच्या क्रोएशियाच्या किनारपट्टीवर, तो जन्मला. मूळ नाव डायोक्लीस, घराणे अगदी सामान्य. सैन्यात चढत चढत तो सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख झाला. त्या काळी सम्राट होणे म्हणजे मरणाला आवतण देणेच होते. २३५ पासूनच्या पन्नास वर्षांत विसाहून अधिक सम्राट झाले आणि त्यांतले बहुतेक तलवारीने गेले. २८४ साली इराणच्या मोहिमेवरून फौज परतत असताना तरुण सम्राट न्युमेरियन बंद पालखीतून येत होता. डोळे आले आहेत म्हणून तो बाहेर पडत नाही, असे सांगितले जाई. अखेर दुर्गंधी सुटली आणि आत प्रेत असल्याचे उघडकीस आले. २० नोव्हेंबर रोजी निकोमीडियाजवळ, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमितजवळ, सैन्याने डायोक्लीसला सम्राट निवडले. त्याने सर्वांसमक्ष न्युमेरियनचा सासरा एपर याला खुनी ठरवून स्वतःच्या हाताने ठार केले. त्या तलवारीने न्याय झाला की साक्षीदार नाहीसा झाला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गादीवर येताच त्याने ओळखले, की एवढा पसारा एका माणसाच्या आवाक्यातला नाही. २८६ मध्ये त्याने मॅक्सिमियन या जुन्या सोबत्याला बरोबरीचा सम्राट केले. २९३ मध्ये दोघांच्या हाताखाली गॅलेरियस आणि कॉन्स्टँशियस असे दोन उपसम्राट नेमले. थोरल्यांनी पायउतार व्हायचे, धाकट्यांनी त्यांची जागा घ्यायची आणि नवे दोघे निवडायचे, अशी ही योजना होती. प्रांत साधारण पन्नास होते, त्यांचे शंभराच्या आसपास केले आणि त्यांचे बारा गट पाडले. बहुतेक ठिकाणी मुलकी कारभार आणि फौज वेगळ्या हातांत दिली, म्हणजे बंड करायला एकाच्याच हाती पैसा आणि तलवार यायला नको. जमीन आणि माणसे मोजून कर बसवला. ज्याने फायलींत आयुष्य घालवले आहे, त्याला या माणसाची बुद्धी चटकन ओळखू येते.

नाण्याने मात्र त्याला दाद दिली नाही. आधीच्या सम्राटांनी चांदीत तांबे मिसळत मिसळत नाण्याला नुसता मुलामा उरू दिला होता. डायोक्लेशियनने २९४ च्या सुमारास जवळजवळ शुद्ध चांदीचे नवे नाणे पाडले. पण चांदी पुरेना, हलकी नाणी वाढत गेली आणि भावही. ३०१ साली त्याने एकीकडे नाण्यांचे दर्शनी मूल्य दुप्पट केले आणि दुसरीकडे बाराशेहून अधिक वस्तूंच्या व कामांच्या कमाल दरांचा हुकूम काढून तो गावोगावी दगडात कोरवला. शेतमजुराला जेवण धरून दिवसाला २५ डिनेरियस. न्हाव्याला डोक्यामागे दोन. डुकराचे मांस पौंडाला १२. लिहावाचायला शिकवणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थ्यामागे महिना ५०, वक्तृत्व शिकवणाऱ्याला २५०. उत्तम अक्षराच्या नकलनविसाला शंभर ओळींना २५, दुय्यम अक्षराच्या २०. खेळांसाठी लागणारा पहिल्या प्रतीचा सिंह दीड लाख! जास्त भाव घेणाऱ्याला मरणाची शिक्षा, देणाऱ्यालाही तीच. हुकुमाच्या प्रस्तावनेत व्यापाऱ्यांच्या हावेवर सगळा ठपका आहे. टांकसाळीबद्दल अवाक्षर नाही. भाव बांधले की माल मागच्या दाराने जातो, हे रेशन आणि रॉकेलच्या रांगांत उभ्या राहिलेल्या माझ्या पिढीला कुणी शिकवायला नको. तेथेही तेच झाले. क्षुल्लक जिनसांपायी रक्त सांडले, बाजार ओस पडले आणि हुकूम बासनात गेला.

मग पाळी आली श्रद्धेची. तो ज्युपिटरचा भक्त होता. जुने देव प्रसन्न असतील तरच साम्राज्य टिकेल, अशी त्याची खात्री होती. इराणातून आलेल्या मानीच्या पंथावर त्याने आधीच हत्यार उपसले होते. २३ फेब्रुवारी ३०३ रोजी निकोमीडियात राजवाड्यातून दिसणारे चर्च पाडण्यात आले. दुसऱ्या दिवशी हुकूम लागला: चर्च जमीनदोस्त करा, धर्मग्रंथ जाळा, ख्रिस्ती अधिकाऱ्यांचे दर्जे काढून घ्या. पुढच्या वर्षी सर्वांनी देवांना नैवेद्य दाखवलाच पाहिजे, असे फर्मान निघाले. अनेकांनी मान तुकवली, अनेकांनी मान दिली. या छळाचा आग्रह धरणाऱ्या गॅलेरियसनेच ३११ मध्ये मृत्युशय्येवर तो थांबवला.

१ मे ३०५ रोजी, मोठ्या दुखण्यातून उठलेल्या डायोक्लेशियनने निकोमीडियाबाहेर सैन्यासमोर राजवस्त्र उतरवले. त्याच दिवशी मिलानमध्ये मॅक्सिमियननेही मनाविरुद्ध तेच केले. नव्या नेमणुकांत मॅक्सिमियनचा मुलगा मॅक्सेंशियस आणि कॉन्स्टँशियसचा मुलगा कॉन्स्टंटाइन दोघांनाही डावलले होते. डायोक्लेशियनला मुलगा नव्हता. बाप गेल्यावर पोराने हक्क सांगायचा नाही, हा नियम करणे त्याला म्हणूनच सोपे गेले असावे. दीड वर्षाच्या आत दोन्ही मुलगे सम्राट म्हणून उभे राहिले. ३०८ मध्ये कार्नुंटम येथे सल्ल्यासाठी त्याला बोलावणे आले. पुन्हा राज्य हाती घेण्याचा आग्रह झाला, तेव्हा आपण लावलेली कोबी पाहिलीत तर असली गळ घालणार नाही, असे त्याने सुचवल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे.

आख्यायिका येथे थांबते, चरित्र थांबत नाही. त्याची एकुलती एक मुलगी व्हॅलेरिया गॅलेरियसला दिलेली होती. ३११ मध्ये ती विधवा झाली. मॅक्सिमिनस दाइया या नव्या सम्राटाने तिला मागणी घातली, तिने नाकारली. त्याने तिची मालमत्ता हिसकावली आणि तिला आईसह सिरियाच्या बाजूला हद्दपार केले. म्हाताऱ्या बापाने निरोपांवर निरोप पाठवले: एवढी माझी मुलगी माझ्याकडे धाडा. ज्याच्या एका सहीने सिंहापासून न्हाव्यापर्यंत सर्वांचे दर ठरत, त्याच्या या विनंतीची कुणी दखल घेतली नाही. खुर्ची सोडली की शब्दाचे वजन किती लवकर उतरते, हे निवृत्त माणसाला सांगावे लागत नाही. पण येथे प्रश्न पोटच्या पोरीचा होता. ३१२ च्या आसपास तो गेला. पुढे दोन-तीन वर्षांत लिसिनियस या सम्राटाने मायलेकींना थेसालोनिकीत पकडून त्यांची मुंडकी उडवली आणि देह समुद्रात टाकले.

किनाऱ्यावरच्या त्याच्या राजवाड्यात सातव्या शतकात सलोना नगरातून परागंदा झालेली माणसे शिरली आणि तेथेच राहिली. त्या भिंतींतून आजचे स्प्लिट शहर वाढले. त्याची समाधी कॅथेड्रल झाली आणि ते ज्या संत डोमनियसच्या नावाचे आहे, तो त्याच्याच छळात मारला गेलेला बिशप. बारा गटांना त्याने दिलेला ‘डायोसीस’ हा शब्द चर्चने उचलला. आपल्याकडे वसईचा धर्मप्रांत म्हणतात तो त्याच शब्दाचा मराठी अवतार. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती त्याच्या राज्यारोहणापासून, २८४ पासून, वर्षे मोजतात आणि त्या गणनेला हुतात्म्यांचा शक म्हणतात. ईस्टरची कोष्टकेही त्याच्याच शकाने चालत. ५२५ मध्ये डायोनिसियस नावाच्या भिक्षूला वाटले, की छळकर्त्याच्या नावाने वर्षे मोजू नयेत. त्याने ख्रिस्ताच्या जन्मापासून गणना सुरू केली. या लेखात मी दिलेली सगळी वर्षे त्या दुरुस्तीनंतरची आहेत.