डॉ. शिरोडकर आणि पिशवीचे तोंड

गर्भपिशवीच्या तोंडावरील उपचाराला ज्या मराठी डॉक्टरांचे नाव जगभर लागले, ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे. जन्म १८९९ चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून १९२७ मध्ये ते एमडी झाले, १९३१ मध्ये इंग्लंडची एफआरसीएस पदवी मिळवली आणि परतून मुंबईतच स्त्रीरोगशास्त्र शिकवले.

चौथ्या-पाचव्या महिन्यात वारंवार गर्भ पडणाऱ्या बाईच्या वाट्याला तेव्हा अंगारे, उपास आणि सासरचे टोमणे येत. कळा न येताच गर्भ पडतो, तेव्हा काही जणींच्या पिशवीचे तोंडच सैल असते, हे शिरोडकरांनी हेरले. मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी घेऊन, बटव्याची दोरी आवळावी तसे त्यांनी ते तोंड बांधले. १९५५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि शिरोडकर टाका म्हणून जगभर रुळली. १९६० मध्ये त्यांना पद्मभूषण, १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

उदगीरसारख्या भागात हे आठवायला कारण आहे. तपासणीत पिशवीच्या तोंडावर कर्करोगापूर्वीचे बदल दिसले, तर लहान डाग वायूने थंड केलेल्या सळईने गोठवून नष्ट करता येतो. भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येते. तरी आता मूल राहील का, ही धास्ती असते. काही जणी भीतीपोटी पिशवीच काढा म्हणतात. त्याची गरज नसते. गोठवताना तोंड कापले जात नाही, त्यामुळे पुढच्या गरोदरपणाला धोका फारच कमी. मोठा भाग कापावा लागला, तर तोंड आखूड होऊ शकते. तेव्हा सोनोग्राफीने लक्ष ठेवून, गरज पडल्यास असाच टाका घालता येतो. गरोदर राहताच आधीच्या उपचाराची माहिती डॉक्टरांना मात्र द्यावी.

गोठवल्यानंतर एक-दोन दिवस ओटीपोटात पाळीसारखे दुखते. तीन-चार आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, कधी त्यात रक्ताची झाक असते. ती जखम भरत असल्याची खूण आहे. घडी वापरावी, ती वरचेवर बदलावी. महिनाभर शरीरसंबंध टाळावा, योनीत काही घालू नये. हे नवऱ्यालाही सांगावे. ताप, दुर्गंधी, पोटात तीव्र दुखणे किंवा पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव झाल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

बरे वाटले तरी वर्षभराने पुन्हा तपासणी करावी. डाग खरेच गेला का, हे त्यातूनच कळते.